पाठीवरचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही उभयतांनी नर्मदेची पायी परिक्रमा केली हे आपणांपैकी बऱ्याचजणींना ठाऊक आहे. वर्धापनदिनाला त्यावर दोन शब्द बोला, असे आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या. पण त्यांनी एक अटही घातली. म्हणाल्या, ‘देवळे, घाट, सूर्योदय हे सगळे आम्ही पुष्कळ ऐकले आहे. बरोबर काय काय नेले, तेवढे सांगा. तीन-चार जोडपी जायचे म्हणताहेत, त्यांना उपयोग होईल.’ मला ही अट आवडली. बांधाबांध हा आपला बायकांचा हातखंडा विषय. पण त्याच विषयात मी कशी सपशेल चुकले, तेही सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

ज्यांना परिक्रमेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. तिची लांबी १,३१२ किलोमीटर. तिला नेहमी उजव्या हाताला ठेवून एका काठाने जायचे, दुसऱ्या काठाने यायचे आणि मध्ये कोठेही तिचे पात्र ओलांडायचे नाही. म्हणजे नुसता हिशेब केला तरी २,६०० किलोमीटरांवर चाल झाली. धरणांच्या पाण्यामुळे वळसे पडतात, ते निराळेच. आम्ही २०२२ च्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालो आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पुन्हा ओंकारेश्वरला पोहोचलो. तेव्हा माझे वय ५८ आणि ह्यांचे ६३. ह्यांना जुना दमा आहे, हे आताच सांगून ठेवते. पुढे त्याचे काम आहे.

पाच महिने घराबाहेर राहायचे म्हटल्यावर मी आपल्या सवयीने यादी केली. लग्नघरी जाताना करतो ना, तशी! चार पातळे, दोन जाड टॉवेल, स्टीलचे डबे, दोन ताटे, चार वाट्या, मेतकूट, लोणचे, पूजेची पितळी उपकरणी, आणि ‘असू द्या, लागले तर’ या सदरातल्या वस्तू तर मोजूच नका. दोन्ही पिशव्या भरल्या, आणि मुलगा म्हणाला, ‘आई, आधी वजन कर.’ कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर त्या अडकवल्या. ह्यांची साडेबारा किलो भरली, माझी साडेनऊ. रद्दीवाला म्हणाला, ‘काकू, विकायचं आहे का हे?’

आमच्या वयाला सोसेल असे एक माप आम्ही ठरवून घेतले: आपल्या वजनाचा दहावा हिस्सा, त्याहून अधिक पाठीवर नको. माझे वजन ५५ किलो, म्हणजे साडेपाच किलो. ह्यांचे ७०, म्हणजे सात किलो. आणि ह्यात पिण्याचे पाणी आले बरे का! १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ते कोणी धरीत नाही आणि मग खांदे भरून येतात. मग आमच्या घरात आठ दिवस रोज रात्री एकच उद्योग चालला, तो म्हणजे पिशवीतून वस्तू काढणे. भरणे सोपे असते भगिनींनो, काढणे अवघड.

शेवटी जे उरले ते सांगते. लिहून घ्यायचे असेल तर घ्या.

कपडे अंगावर एक जोड आणि पिशवीत एक जोड, बस्स. मी पातळांऐवजी सलवार-कमीज नेले. निव्वळ सुती कापड जड होते आणि हिवाळ्यात लवकर वाळत नाही. टेरिकॉटसारखे मिश्र कापड रात्री पिळून टाकले की सकाळी अंगात घालता येते. टॉवेल नको, पंचा न्यावा. आतले कपडे तीन-तीन. ते ओले राहिले तर मोठ्या पिनांनी पिशवीच्या पाठीला टोचायचे, चालता चालता वाळतात. पहिल्या दिवशी मला ह्याची लाज वाटली, तिसऱ्या दिवशी वाटेनाशी झाली.

थंडीसाठी एकेक स्वेटर, कानटोपी आणि शाल. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे. आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस तेथे होतो, तरी पहाटे हात गारठून जात. अंथरायला एकेक मेणकापड आणि पातळ सतरंजी. मेणकापडाचे महत्त्व समुद्राकाठी कळते. दक्षिण तटावरून उत्तर तटावर मिठी तलाईला जाताना भरतीच्या वेळी उघड्या होडीतून काही तास काढावे लागतात. तेथे लाटांचे तुषार अंगावर येतात. ज्यांनी पिशवीच्या आत प्लॅस्टिकची मोठी थैली घातली होती त्यांचेच कपडे कोरडे राहिले.

पायांत बूट घ्याल ते नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण दिवसभर चालून पाय सुजतात. आणि निघण्यापूर्वी महिनाभर ते वापरून मऊ करा. नवे बूट घालून परिक्रमेला निघणे म्हणजे फोडांना आमंत्रण. मोज्यांचे तीन जोड. मुक्कामावर घालायला साध्या सपाता. पिशवीला कमरेचा पट्टा असावा, म्हणजे ओझे खांद्यांवर न पडता कमरेवर येते. आणि सराव करावा तो पिशवीसकट. मी पाच किलो तांदूळ पाठीवर घेऊन टेकडी चढत असे. लोक विचारीत, ‘दळणाला निघालात का?’

शिधा फार नेऊ नये. काठावर आश्रम आहेत, गावे आहेत. परिक्रमावासीला भोजन तरी मिळते, नाही तर सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा मिळतो, तो आपण शिजवून घ्यायचा. म्हणून एक दीड लिटरचे झाकणाचे पातेले, एक चाकू, आणि दोघांना एकेक ताटली व पेला. एका वेळेचे पीठ, डाळ आणि मूठभर गूळ-दाणे जवळ असावेत. पूजेची पितळी उपकरणी घरी राहिली. मैयाच्या पाण्याची छोटी कुपी आणि दोन फुलवाती एवढ्यावर रोजची आरती होई.

औषधांत तापाची गोळी, पट्ट्या, मलम, मिठा-साखरेच्या पाण्याची तयार पाकिटे (एक पाकीट १ लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात नव्हे), आणि ज्याची जी रोजची औषधे असतील ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ज्या भगिनींना महिन्याची अडचण अजून आहे, त्यांनी आपली सोय पुरेशी बरोबर घ्यावी. डोंगरपट्टीत दुकान भेटेलच असे नाही. संकोच करून चालत नाही.

आणि एक वस्तू अशी, की जी कोणत्याही तयार यादीत नसते: जुने, धुऊन मऊ झालेले सुती पातळ. हे नेहमी म्हणत, ‘एवढ्या पावशेर-अर्धा किलोला कात्री लाव.’ मी ऐकले नाही. त्याचा आंघोळीच्या वेळी आडोसा झाला, रात्री पांघरूण झाले, पाय मुरगळला तेव्हा बांधायला पट्टी झाली आणि उन्हात डोक्यावर पदर झाला.

आता जोडप्याने जाण्याचा मोठा फायदा कोणता? एकट्याला जे सगळेच न्यावे लागते, ते दोघांत एकेक पुरते. पातेले एक, चाकू एक, दोरी एक, साबण एक, सुई-दोरा एक. हे मला निघण्यापूर्वीच कळले होते आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. मी तर पुढे जाऊन म्हटले, विजेरी एक पुरे, मोबाइल एक पुरे, काडेपेटी एक पुरे, पैशाचे पाकीट एक पुरे. कामाची वाटणीही घरच्यासारखीच केली. स्वयंपाकाचे आणि औषधाचे माझ्याकडे. पैसे, मोबाइल, विजेरी, ओळखपत्रे आणि रस्त्याचा कागद ह्यांच्याकडे. ह्यांचा दम्याचा पंपसुद्धा माझ्याच पिशवीत, कारण हे कोठेतरी विसरतात. चौतीस वर्षे आमच्या घरात हीच व्यवस्था आहे. ती चुकीची आहे असे कधी वाटलेच नाही, कारण चौतीस वर्षांत आमची अशी चुकामूक कधी झालीच नव्हती.

ती झाली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आम्ही आपल्या महाराष्ट्रातच होतो, नंदुरबार जिल्ह्यात, धडगावहून मोलगीच्या दिशेने. शूलपाणीच्या झाडीचा हा मुलूख. पूर्वी येथे परिक्रमावासींना लुटत, अंगावरच्या वस्त्रानिशी पुढे जावे लागे. ‘मैया आधी सगळे काढून घेते आणि मग देते,’ असे म्हणतात. काठावरची जुनी वाट आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. ते सरोवर २०१९ च्या पावसाळ्यात प्रथम पूर्ण भरले. म्हणून सातपुड्याच्या डोंगरांतून आडवे जावे लागते. एक चढ उतरला की दुसरा समोर उभा.

दुपारी चारच्या सुमारास माझ्या टाचेचा फोड फुटला. मी ह्यांना म्हटले, ‘अहो, तुम्ही व्हा पुढे ह्या मंडळींबरोबर, मी पट्टी लावून आलेच.’ हे पुढे गेले. मी पट्टी लावली, बूट चढवला, निघाले. पुढे वाटेला दोन फाटे. मी डाव्या फाट्याला लागले, कारण तो रुंद होता. अर्ध्या तासाने कळले की ती गुरांची वाट होती. परतू लागले तो डिसेंबरचा दिवस तो; सूर्य डोंगराआड गेला आणि बघता बघता अंधार पडला.

आता माझ्या पिशवीत काय होते पाहा. पीठ होते, डाळ होती, पातेले होते, काडेपेटी ह्यांच्याकडे. मोबाइल ह्यांच्याकडे, पण तो असता तरी त्या दरीत त्याला रेंज नव्हती. विजेरी नाही. पैसे म्हणाल तर एक रुपया नाही. माझे नाव, गाव सांगणारा कागदाचा एक कपटा माझ्याजवळ नव्हता. मुलाचा नंबर आठवू लागले तर आमच्या घरच्या बंद झालेल्या जुन्या फोनचा नंबर तेवढा तोंडपाठ! भगिनींनो, मला वाघराची भीती वाटली नाही, चोराची वाटली नाही. मला एकाच गोष्टीने घाम फुटला: ह्यांचा पंप माझ्या पिशवीत होता.

एका पाड्यावर दिवा दिसला, तिकडे गेले. पावरा कुटुंबाचे घर होते. त्या माउलीने मला एक शब्द विचारला नाही. चुलीपाशी बसवले, ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. मी खुणांनी, मोडक्यातोडक्या शब्दांनी सांगत होते, मला आत्ताच पुढे जायचे आहे. तिचा मुलगा शाळेत जाणारा, त्याला मराठी चांगले येत होते. तो म्हणाला, ‘मावशी, रात्री उतार धोक्याचा आहे. सकाळी मी नेतो.’ रात्रभर मी पंप हातात धरून बसले होते. मोजून पाच किलोमीटरांवर हे होते.

सकाळी त्या मुलाने मला आडवाटेने मुक्कामावर आणून सोडले. हे भिंतीला टेकून, पुढे वाकून बसले होते. थंडी, दिवसभराचा चढ आणि रात्री शेकोटीचा धूर. मध्यरात्रीनंतर दमा उठला होता. बरोबरच्या मंडळींनी गरम पाणी दिले, पाठ चोळली, जे करता येईल ते सगळे केले. मला शोधायला दोघेजण फाट्यापर्यंत जाऊन आले होते. ह्यांना बोलता येत नव्हते. ओठांचा रंग बघून माझ्या पायांतले बळ गेले. मी पंप हातात दिला. काही वेळाने श्वास जरा खाली आला. पहिला शब्द उमटला तो असा: ‘तू रात्री जेवलीस का?’

लगेच जीपगाडी मिळवून आम्ही दवाखाना गाठला. दोन दिवस विश्रांती घेतली. तेथल्या डॉक्टरांनी मला शांतपणे एकच वाक्य सांगितले, ‘बाई, पंप ज्याचा त्याच्या खिशात.’ मी एवढी यादी करणारी, पण हे चार शब्द माझ्या यादीत नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही पिशव्या शालीवर रिकाम्या केल्या आणि पुन्हा नव्याने भरल्या. तीन ढीग केले. पहिला त्यांचा, दुसरा माझा. तिसऱ्यात अशा वस्तू, की ज्या नसल्या तर गैरसोय होईल, पण जीव जाणार नाही: पातेले, चाकू, दोरी, साबण, सुई-दोरा. त्या एकेकच ठेवल्या आणि वजन बघून वाटल्या. परंतु ज्या वस्तूवाचून माणूस एक रात्रही अडेल, ती दोन्ही पिशव्यांत असलीच पाहिजे, असा नियम केला.

ती यादी लहानशीच आहे. पाण्याची बाटली. काडेपेटी. छोटी विजेरी. शिट्टी. गूळ-दाण्यांची पुरचुंडी. निम्मे-निम्मे पैसे, तेही सुट्ट्या नोटांत. आधार कार्डाची नक्कल आणि घरच्या तीन माणसांचे नंबर लिहिलेला कागद, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. ज्याचे औषध त्याच्या खिशात, आणि जोडीदाराचे तीन दिवसांचे औषध आपल्या पिशवीत; ते केव्हा, किती द्यायचे हे लिहून. दवाखान्याच्या गावातून ह्यांच्यासाठी दुसरा पंप घेतला, तो माझ्याकडे राहिला. एक साधा, बटणांचा मोबाइल माझ्यासाठी घेतला. माझ्या जुन्या पातळाचे मी मधोमध दोन तुकडे केले आणि अर्धे ह्यांच्या पिशवीत घातले. ह्या वेळी हे वजनाबद्दल काही बोलले नाहीत.

हे सगळे मिळून वजन किती वाढले म्हणाल? दोघांत मिळून किलोभरसुद्धा नाही. त्या एका किलोसाठी मी काटकसर केली होती.

वाटेचाही एक नियम ठरला: फाटा आला की पुढच्याने थांबायचे, मागचा दिसेपर्यंत. त्यानंतर चार महिने चाललो, गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीचे दर्शन घेतले, अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या घाटावर बसलो, अमरकंटकला मैयाचे उगमाचे कुंड पाहिले. पण हा नियम एकदाही मोडला नाही. पुढे पुढे मी बिनघोर मागे रेंगाळत असे, कारण माझ्याजवळ माझे सगळे होते. आणि हे बिनघोर पुढे जात, कारण फाट्यावर थांबायचे आहे हे त्यांना ठाऊक होते.

घरी परतल्यावर आठ दिवसांनी मी ह्यांना म्हटले, ‘अहो, आता घराचीही पिशवी एकदा शालीवर ओता.’ ह्यांना आधी समजले नाही. मग एका रविवारी बसलो. कोणत्या बँकेत काय आहे, विम्याचा कागद कोठे आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, विजेचे बिल कसे भरायचे, हे मी वहीत उतरवून घेतले. माझ्या नावाचे खाते होते, पण त्यातून स्वतः जाऊन पैसे मी प्रथमच काढले. आणि ह्यांनी काय शिकावे? वरण-भात, कुकरच्या किती शिट्ट्या ते, स्वतःच्या गोळ्यांच्या वेळा, आणि स्वतःचे बनियन कोणत्या खणात असते ते. परवा मी बहिणीकडे चार दिवस राहून आले. आल्यावर पाहते तो घर जागेवर होते आणि हेही.

कोणी म्हणेल, इतका हिशेब ठेवायचा तर मग जोडीने जायचे कशाला? मला उलट वाटते. जो एकटा उभा राहू शकतो, त्याचीच सोबत दुसऱ्याला होते. नाही तर ते ओझे होते, आणि ते रद्दीवाल्याच्या काट्यावर दिसत नाही.

पाच महिने ज्यांना घर सोडणे जमणार नाही त्यांनी नाउमेद होऊ नये. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, काठाने चालायला आरंभ केला, आणि तेही सवडीप्रमाणे, तुकड्या-तुकड्यांनी. त्यांच्या पत्नी कांताबाईही पुढे त्यांच्याबरोबर चालल्या. आठ दिवसांचा टप्पा घेतला तरी यादी हीच.

जी जोडपी निघणार आहेत त्यांनी माझ्याकडे जरूर यावे. ताणकाटा आता मी विकतच घेतला आहे. आणि ज्या निघणार नाहीत त्यांनी आज रात्री जेवणे झाल्यावर एवढे मनाशी पाहावे, की आपल्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी एकाच पिशवीत आहे.

नर्मदे हर!